देवराव सोनकुसरे नाच पाहायला जातात

देवराव सोनकुसरे यांच्याशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागतं. मागून हाक मारणाऱ्यानं खुशाल घसा फाडून घ्यावा. ट्रकचा हॉर्न, कुकरची तिसरी शिट्टी आणि बायको गोपिकाबाईंचा चढलेला आवाज, एवढंच काय ते त्यांच्या कानापर्यंत पोहोचतं. अशा ह्या एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांना गेल्या जानेवारीत नाचाचं वेड लागलं. तेही कुठल्या नाचाचं, तर ज्याला पोरं मॉडर्न डान्स म्हणतात आणि ज्यात नाचणारे निम्मा वेळ जमिनीवर लोळत असतात, त्या नाचाचं! तांडापेठेतल्या त्यांच्या गल्लीनं आधी तोंडात बोट घातलं आणि मग पोट धरून हसून घेतलं.

हसणाऱ्यांना हसू द्या. देवरावांची बत्तीस वर्षं कुठे गेली हे ज्याला ठाऊक आहे, तो हसायचा नाही. ती गेली यंत्रमागावर. पत्र्याच्या एका शेडमध्ये चाळीस माग, आणि सगळे एकाच वेळी खडखडणारे. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोहोचायचा नाही, थुंकी तेवढी पोहोचायची. म्हणून त्या शेडचे लोक हातांनी बोलायचे. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं एकमेकांवर घासली की धागा तुटला. पोटावरून मोठा गोल फिरवला की शेठ येऊन राहिला, कामाला लागा. नवा माणूस पंधरा दिवसांत ही भाषा शिकायचा आणि महिन्याभरात तिच्यातून शिव्याही द्यायला लागायचा.

पण एक खूण पहिल्याच दिवशी शिकवली जायची. एक हात सरळ डोक्यावर न्यायचा आणि मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. म्हणजे माझा दुसरा हात पट्ट्यात अडकला आहे. ही खूण ज्याला दिसेल त्यानं हातातलं सगळं टाकून द्यायचं, ऐकू जावो न जावो, 'बंद करा' म्हणून बोंब ठोकायची आणि भिंतीवरचा मोठा खटका पाडायचा. दुसरा कोणी उठतो का, हे बघत बसायचं नाही.

देवरावांच्या शेजारच्या मागावर रुपराव असायचा. दोघं एकाच वयाचे, एका डब्यात जेवणारे. एकवीस वर्षांपूर्वी एका दुपारी देवराव खाली वाकून तुटलेला धागा जोडत होते. मान वर केली तेव्हा रुपरावचा हात डोक्यावर होता आणि मूठ सावकाश उघडत होती. देवरावांनी बोंब ठोकली, धावत जाऊन खटका पाडला. रुपरावच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो हात किती वेळ वर होता, आपण मान खाली घालून किती वेळ बसलो होतो, हे मात्र देवरावांना कधी कळलं नाही, आणि हाच काटा त्यांच्या मनात रुतून बसला.

पुढे रुपरावनं दोन गल्ल्या सोडून पानठेला टाकला आणि उरलेल्या दोन बोटांनी संसार ओढला. देवरावांनी त्या हाताकडे पाहायचं टाळलं, हात टाळायचा म्हणून माणूस टाळला आणि माणूस टाळायचा म्हणून रस्ता बदलला. बाजारात जायचं तर ते लांबचा फेरा घेऊन जात. रुपराव समोरून आला की कुठल्यातरी बोळात शिरत, मग तो बोळ नेमका कोणाच्या अंगणात संपत असला तरी चालेल. का, ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखवलं नाही, अगदी गोपिकाबाईंपाशीही नाही.

सहा वर्षांपूर्वी शेड बंद झाली, माग भंगारात गेले, आणि तेव्हा कुठे देवरावांच्या लक्षात आलं की खडखडाट थांबला तरी आपल्याला काही ऐकू येत नाही. ते भजनमंडळात टाळ वाजवायचे. टाळ एकीकडे आणि भजन दुसरीकडे जायला लागलं, बायका पदराआड हसायला लागल्या, तसे त्यांनी टाळ मंडळाला देऊन टाकले. कानाचं मशीन आणलं, तर त्यात माणसांचं बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त. ते कपाटात गेलं. मग लग्न नको, बारसं नको, नाटक नको. लोकांत बसायचं आणि सगळे हसले की आपणही हसायचं, ह्याचा त्यांना वीट आला. गोपिकाबाई समजावून थकल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात समोरच्या घरातल्या मास्तरीणबाईंना नृत्य महोत्सवाचे तीन दिवसांचे पास मिळाले. त्यांना नेमकं पारशिवनीला लग्नाला जायचं होतं, म्हणून त्यांनी ते गोपिकाबाईंच्या हातात ठेवले. फुकटचं ते पौष्टिक! गोपिकाबाईंना वाटलं, लावण्या असतील, निदान सिनेमाची गाणी तरी. त्यांनी मोरपंखी साडी काढली, गजरा माळला आणि नवऱ्याच्या अंगावर स्वेटर चढवून त्याला जवळजवळ ओढतच सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात नेलं. जागा मिळाली पहिल्या रांगेत.

पडदा उघडला. सहा पोरं-पोरी, राखाडी कपडे, अनवाणी. घुंगरू नाहीत, गाणं नाही, निवेदकही नाही. एक पोरगी धावत आली आणि धपकन पडली. "अगं माय!" म्हणून गोपिकाबाईंनी छातीला हात लावला. पोरगी उठली आणि पुन्हा पडली, ह्या वेळेला उघडउघड मुद्दाम.

"हे काहून लोळून राहिले अवो?" गोपिकाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "यायले का झालं?"

देवरावांचं लक्ष कुठे होतं? सभागृह जुनं, जमीन लाकडी आणि पहिली रांग रंगमंचाला खेटलेली. ती पोरगी पडली तो धक्का देवरावांच्या तळपायातून पोटरीत आला होता. त्यांनी चपला काढल्या. धप्प! गुडघ्यापर्यंत. धप्प, धप्प, सरर्र! सहाच्या सहा जणांनी एकदम उड्या मारल्या आणि देवरावांच्या बरगड्या वाजल्या. सहा वर्षांनी ताल अंगात शिरला होता, तोही कानाला न विचारता! त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली, कारण आपण उडतो की काय असं त्यांना वाटायला लागलं.

त्याहून मोठी गंमत पुढे. त्यांनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं, लोक हसतात की रडतात ते बघून आपलंही तोंड तसं करावं म्हणून. तर सगळी रांग एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. एक जण शेजारणीला विचारत होता, ती खांदे उडवत होती. एक गृहस्थ चष्मा पुसून पुसून बघत होते. मागून दोन-चार कुटुंबं उठून चालती झाली. देवरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इथे कोणालाच काही सांगितलं जात नव्हतं! इथे ते एकटे बहिरे नव्हते!

आणि त्यांना तर सगळं दिसत होतं. एक उंच पोरगा एका बारक्या पोरीच्या पाठीवर रेलला होता. ती थकली होती, पण बोलत नव्हती. तिची टाच थरथरत होती, ह्याला पत्ता नव्हता. देवरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ते मोठ्यानं हसले. घरी येताना ऑटोत ते इतकं बोलले, इतक्या मोठ्यानं बोलले, की ऑटोवाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं. रात्री जेवताना एक पोळी जास्त मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात देवराव एका पायावर उभे राहून शेजाऱ्यांना नाच समजावून देत होते. "गाढवापुढे वाचली गीता," असं एका शेजाऱ्यानं तोंड फिरवून म्हटलं. त्याला वाटलं, ऐकू जायचं नाही. पण देवराव ओठ वाचतात, आणि अर्धवट फिरवलेल्या तोंडाचेही वाचतात. "हौ ना," ते खुशीत म्हणाले, "पण ह्या गाढवाले समजली न गा!" गोपिकाबाईंनी हात जोडले. पोरीबाळींचं पडणं पुन्हा पाहायची त्यांची तयारी नव्हती. देवराव एकटेच निघाले, एक तास आधी पोहोचले आणि तीच खुर्ची पकडून चपला काढून बसले.

त्या दिवशीचा शेवटचा नाच असा होता. सहा जण एका ओळीत उभे. सगळ्यांचे हात एकसारखे पुढे-मागे चाललेले आणि पाय जमिनीवर पडतायत, खड, खड, खड, खड. देवरावांच्या अंगावर काटा आला. ही त्यांची शेड होती! तोच वेग, तेच खांदे, मान तशीच एका बाजूला. त्यांचे स्वतःचे हातही मांडीवर चालायला लागले. मग टोकाचा पोरगा मंदावला. त्याचा एक हात पाठीमागे अडकल्यासारखा ताठ झाला. दुसरा सावकाश डोक्यावर गेला. मूठ उघडली, मिटली. उघडली, मिटली.

पुढचं देवरावांनी केलं नाही, त्यांच्या बत्तीस वर्षांनी केलं. "बंद कराऽऽ! अबे बंद करा! हात चालला त्याचा!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज मोजता येत नाही. चारशे माणसं दचकली. देवराव तोवर अनवाणी पायांनी बाजूच्या भिंतीकडे धावले होते. तिथे विजेचा बोर्ड होता आणि त्यावर एक मोठा खटका. तो त्यांनी दोन्ही हातांनी खाली पाडला.

सगळं सभागृह अंधारात बुडालं. लाइट आले तेव्हा देवराव बोर्डाला पाठ लावून उभे होते आणि रंगमंचावरचे सहा जण त्यांच्याकडे बघत होते. त्या पोराचे दोन्ही हात धडधाकट होते. दोन कार्यकर्त्यांनी देवरावांना अदबीनं बाहेर नेलं, पाणी दिलं, पासावरचं नाव लिहून घेतलं. ते पायीच घरी आले. गोपिकाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "बस झालं आता. माणसांत बसायची लायकी नाही आपली." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक तिशीतली बाई उभी राहिली. मास्तरीणबाईंना फोन करून तिनं घर शोधलं होतं. चोराच्या मनात चांदणं. देवरावांना वाटलं, ही बोर्डाची भरपाई मागायला आली. ते मागच्या दारानं सटकणार तोच गोपिकाबाईंनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. बाईनं आपली खुर्ची नेमकी त्यांच्यासमोर ओढली आणि सावकाश बोलायला लागली.

"काका, मी नंदिनी. कालचा नाच मी बसवला. मी इथलीच, जरीपटक्याची."

"चुकलंच माह्यं पोरी," देवराव खाली बघून म्हणाले.

नंदिनीनं हात पुढे करून त्यांना वर बघायला लावलं. "खटका काहून पाडला, ते सांगा."

देवरावांनी शेडची खूण करून दाखवली, तिचा अर्थ सांगितला, नियम सांगितला. नंदिनीचे डोळे मोठे होत गेले. "मले ही खूण माहीत नव्हती, काका. प्रीतमनं, त्या टोकाच्या पोरानं, आपल्या मनानं तसा हात केला. त्या नाचात तो मदत मागते आणि बाकीचे काम करत राहतात. कोणीच येत नाही. अकरा शहरांत केला आम्ही हा नाच. बघणारे पण बसून राहतात. बसणारच ना, नाच आहे तो. काल पहिल्यांदा कोणी उठलं." ती हसत होती आणि ओढणीनं डोळेही पुसत होती. "प्रीतम येड्यासारखा नाचून राहिलता काल घरी जाताना. म्हणते, मले वाचवायले माणूस धावला!"

देवरावांना हे दोनदा विचारून घ्यावं लागलं, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. मग एकवीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी ह्या परक्या पोरीला सांगितलं. धागा, खाली घातलेली मान, रुपरावची उघडणारी मूठ, सगळं. गोपिकाबाई चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या होत्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "म्हणून तुम्ही त्या बोळांत शिरता का? मले वाटे, तुमचं त्याच्याशी भांडण आहे!"

नंदिनी जाताना म्हणाली, "आज शेवटचा दिवस. तोच नाच आहे. तुम्ही या."

"अन् मी पुन्हा उठलो तं?"

"तं उठा, काका. फक्त बोर्ड सोडा."

गोपिकाबाई खो खो हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "तीन खुर्च्या ठेव वं पोरी, पहिल्या रांगेत." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "रुपरावभाऊले घेऊन या."

चार वाजता देवराव घरातून निघाले. तीनदा परत आले. एकदा रुमाल विसरला म्हणून, दोनदा काही न विसरता. चौथ्या वेळी सरळ रस्त्यानं गेले. छाती इतकी धडधडत होती की ती त्यांना ऐकू येते आहे असंच वाटावं. रुपराव पानाला चुना लावत होता. त्यानं वर पाहिलं. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"का गा, रस्ता चुकला का?"

"नाच पाह्यले चाल," देवराव एका दमात म्हणाले. नजर ठेल्यावरच्या बरण्यांवर.

"कोणाचा नाच?"

"लोळते ते लोक. फुकट आहे."

रुपरावनं चुन्याची काडी खाली ठेवली. मग ठेल्यासमोरच्या चार गिऱ्हाइकांना उद्देशून म्हणाला, "एकवीस वर्षानं आला हा माणूस, अन् म्हणते नाच पाह्यले चाल!" गिऱ्हाइकं हसली. रुपरावनं मात्र हात धुतले आणि ऐन संध्याकाळच्या गर्दीला ठेल्याची फळी लावली. पानठेलेवाला जेव्हा संध्याकाळी पाच वाजता फळी लावतो, तेव्हा घरात लग्न तरी असतं किंवा मयत तरी.

सभागृहात तिघं बसले. देवराव मधे, उजवीकडे रुपराव, डावीकडे गोपिकाबाई. देवरावांनी दोघांनाही चपला काढायला लावल्या. पहिला नाच सुरू झाला, पहिला धक्का जमिनीतून आला, आणि गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे वळून बघितलं. "अगं बाई, हे असं आहे होय!" त्यांचे ओठ म्हणाले. देवरावांनी मान डोलावली, जणू लाकडी जमीन त्यांनीच ठोकून घेतली होती. रुपराव आधी अवघडून बसला होता. मग पुढे सरकला. मग तोंड उघडं टाकून बघायला लागला. एकदा उंच पोरानं बारक्या पोरीला उचलून भिरकावलं आणि दुसऱ्यानं झेललं, तेव्हा रुपरावनं 'वा रे पठ्ठे' म्हणून मांडीवर थाप मारली, ती देवरावांच्या मांडीवर पडली. देवराव इतके आनंदले की त्यांनी थाप परत केली.

मग ते सहा जण ओळीत आले. खड, खड, खड, खड. रुपरावचा ताल धरलेला पाय थांबला. त्यानंही शेड ओळखली होती. प्रीतमचा एक हात पाठीमागे ताठ झाला आणि दुसरा वर चढायला लागला. देवरावांनी स्वतःला शंभरदा बजावलं होतं की हा नाच आहे, पोरगा धडधाकट आहे. तरी मूठ उघडली तसे ते खुर्चीच्या कडेला आले. मूठ मिटली. बाकीचे पाच जण आपलं काम करत राहिले. कोणी मान वळवली नाही. मूठ उघडली.

कोणीतरी देवरावांचा दंड घट्ट पकडला. त्यांनी वळून पाहिलं. रुपराव अर्धवट उठला होता. रंगमंचाचा उजेड त्याच्या तोंडावर होता आणि डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. त्याचे ओठ हलत होते. देवरावांनी डोळे बारीक केले.

"कोणीच नाही आलं गा त्याले," रुपराव म्हणत होता. "माह्या वेळेस तू आलता."

देवराव खुर्चीत पुरते त्याच्याकडे वळले.

"चाळीस माणसं होती शेडमधे. मी हात वर केला अन् तू मान वर केली. लगेच. डॉक्टर म्हणे, अजून जरा वेळ जाता तं अख्खा हात गेला असता. हे तुले सांगाले किती खेपा आलो मी तुह्या गल्लीत. तू बोळातच शिरे."

मागच्या रांगेतून कोणीतरी शूऽऽ केलं. गोपिकाबाईंनी मागे वळून त्या माणसाकडे असं काही पाहिलं, की तो पुन्हा बोलला नाही. देवरावांनी खाली पाहिलं. आपल्या दंडावर दोन बोटांचा तो हात होता. एकवीस वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदा नीट पाहिला, आणि त्याच्यावर आपला हात ठेवला. पायाखालची जमीन धडधडत होती, रंगमंचावर सगळेच आता गरगर फिरत होते, आणि देवरावांना ओरडावंसं, नाचावंसं, त्या सहाही पोरांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

रुपरावचं बोलणं त्यांना पहिल्याच वेळी समजलं होतं, अक्षर न अक्षर. तरी त्यांनी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "का म्हणतो गा?"

रुपरावनं पुन्हा सगळं सांगितलं. देवरावांनी पुन्हा विचारलं.